समोरच्या दाताला शेक

२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या दात बसवायचा. आजपासून रोज चार ओळी लिहायच्या, असा निश्चय. पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे आहेत. नंतर सौ.ला सगळं सविस्तर सांगताना तारखांचा घोळ नको.

परिस्थिती अशी. गेल्या जूनमध्ये हॉस्पिटलात गरम पॅकच्या टाकीचं झाकण उसळून तोंडावर बसलं आणि वरचा समोरचा दात गेला. ऑगस्टमध्ये सौ. तिच्या ताईकडे गेली. अजून तिकडेच आहे. मधल्या काळात घरात दुसरं काहीही घडलेलं नाही, हे मी नीट आठवून पाहिलं आहे. भांडण नाही, तंटा नाही, आवाज चढवणं नाही. म्हणजे कारण उघड आहे. दात. समोरचा माणूस सकाळ-संध्याकाळ चहा पिताना हसतो आणि तोंडात उघडी खिडकी. कुठल्या बाईला बरं वाटेल? तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरूनच तिच्या मनाला किती लागलं असेल ते कळतं.

लेकीचा फोन आला होता. आई पंधरा तारखेला, रविवारी येतेय, तुझ्याशी बोलायचंय म्हणाली. मी विचारलं, बॅगा किती आणतेय? तर म्हणे, बाबा, तू आधी ती काय म्हणते ते ऐकून घे. म्हटलं, ऐकायचंय काय त्यात, येतेय ना? यावर लेक जरा वेळ गप्प होती. हल्ली तिच्याकडे रेंज नसते.

रविवारी दार उघडायचं आणि हसायचं, एवढंच काम. बाकी बोलायची गरजच पडू नये.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दात बसला. म्हणजे हाडात स्क्रू बसला आणि वर तात्पुरता दात चढवला. खरा दात तीन-चार महिन्यांनी, हाड स्क्रूला घट्ट धरेल तेव्हा. तोवर हा फक्त दिसण्यापुरता, यानं चावायचं नाही. मला कुठे चावायचंय?

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. हात हलका, पण सूचना फार. दोन दिवस गालावर बाहेरून बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ ठेवायचा आणि थोडा वेळ काढायचा. गरम चहा नाही, गरम सूप नाही, वाफ नाही. आणि शेक तर अजिबात नाही म्हणाल्या. ताज्या जखमेला ऊब दिली की रक्त तिकडे धावतं, सूज वाढते, टाके वाहायला लागतात. मी हसलो. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे अर्धाच हसलो. तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीत मशीन चालवतो. पेशंट मला नावानं ओळखत नाहीत, शेकवाले म्हणतात. माना, कंबरा, खांदे, गुडघे, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. आणि ही मुलगी मला शेक शिकवणार. तरी मोठ्या मनानं मान डोलावली.

घरी येऊन फ्रीज उघडला. बर्फाचे ट्रे रिकामे. ते भरून ठेवणं सौ.चं काम, त्यामुळे ऑगस्टपासून रिकामेच. वरच्या कप्प्यात मटारचं पाकीट होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याही होत्या की बर्फ नसेल तर मटार चालतील. पण ते पाकीट सौ.नं आणलेलं, जायच्या आदल्या आठवड्यात. ती येऊन फ्रीज उघडणार आणि तिचे मटार मऊ पडलेले दिसणार. नको. पाकीट परत ठेवलं, ट्रे भरले आणि बर्फ होण्याची वाट पाहत बसलो.

नुसतं बसून काय करायचं? गरम पाण्याची पिशवी भरली. गालाला लावली नाही. ती उशीवर ठेवली आणि गाल उशीवर ठेवला.

४ फेब्रुवारी, बुधवार

उशीवर रक्त. थोडं. गालावर पिशवीच्या रेघांची लालभडक नक्षी उमटली आहे. बधिर कातडीला चटका कळत नाही, हे मी डायबेटिसच्या पेशंटना रोज घसा फोडून सांगतो. पण ते पायाबद्दल असतं.

क्लिनिकमध्ये फोन केला. रिसेप्शनवर जी मुलगी बसते तिनं विचारलं, काका, शेकबिक दिला नाही ना? म्हटलं, छे, दिला नाही. मी घेतला. माझ्या अंगी खोटं नाही.

बर्फ एकदाचा झाला म्हणून लावून पाहिला. असला थंडगार, दुष्ट प्रकार माणूस स्वतःच्या तोंडाशी का करतो, मला कळत नाही. लगेच काढला. सूज आहे, पण सूज म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सूज जास्तच कामाला लागली आहे. डावा गाल वर चढला, डोळा बारीक झाला. रजा वाढवली.

लेकीचा फोन. बर्फ लावतोयस ना? हो. गरम काही नाही ना? नाही. मग म्हणाली, आईला सांगितलंय मी, तू दात बसवलास ते. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणे, अच्छा म्हणाली. अच्छा! हा शब्द सौ. उगाच वापरत नाही. आतून खूश असली की बोलणं आवरतं घेते ती, हा तिचा स्वभाव मला सत्तावीस वर्षांत पाठ झालाय.

रविवारी नुसतं हसून भागेल असं वाटत होतं, पण हसणं सध्या एकाच बाजूला होतं. म्हणून दोन शब्द तयार ठेवायचं ठरवलं. मी नवरा म्हणून कसा होतो ते मुद्देसूद मांडायचं. आरशासमोर सराव केला. प, फ आणि ब येत नाहीत. बाकी उत्तम.

मुख्य मुद्दा तिची आई गेली तेव्हाचा. त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर सौ. माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मला ना... एवढंच. पुढचं बोलायच्या आत मी ओळखलं. दिवसभर उभी होती, पाठीचा नुसता दगड झालेला. लगेच उठलो, पिशवी भरली, तिला पालथं झोपवलं, पाठीवर शेक दिला आणि दिवा मालवला. एक शब्द बोलावा लागला नाही तिला. न सांगता बायकोचं दुखणं ओळखणारे नवरे कितीसे असतील?

९ फेब्रुवारी, सोमवार

कामावर रुजू. आमचं डिपार्टमेंट तळमजल्याच्याही खाली, खिडक्या नाहीत, पण आख्ख्या हॉस्पिटलात एवढी उबदार जागा दुसरी नाही. एका भिंतीला गरम पॅकची टाकी, मध्ये हिरवे पडदे आणि तीन कॉट, कोपऱ्यात शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन. त्याला मी थोरली म्हणतो. बाकीचे शेक कातडी तापवतात, थोरली थेट आत जाते. दुखऱ्या भागाच्या दोन बाजूंना दोन पॅड लावायचे, बटण फिरवायचं, आणि हाडापर्यंत ऊब पोचते. अट एकच. अंगात धातू नको. म्हणून प्रत्येक पेशंटला आधी विचारतो, अंगात कुठे धातू आहे का, स्क्रू, रॉड, प्लेट? लोक वैतागतात. एक आजोबा म्हणाले, डोक्यात एक ढिला स्क्रू आहे असं ही म्हणते. त्यांनाही मी तीनदा विचारूनच घेतलं. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.

मॅडमनी, म्हणजे आमच्या हेड फिजिओथेरपिस्टनी, मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. काका, हे काय? म्हटलं, इम्प्लांट. गालावरची नक्षी पाहून त्यांनी काय ते ओळखलं. म्हणाल्या, बर्फाचे दिवस गेले, आता फार तर कोमट ओलं फडकं बाहेरून, तेही डॉक्टर हो म्हणाल्या तर. शेकाचा लाल दिवा नाही. आणि त्या कोपऱ्याकडे तर बघूही नका, तोंडात धातू आहे तुमच्या. मी म्हटलं, मॅडम, मला सांगताय? त्या म्हणाल्या, तुम्हालाच सांगतेय.

जरा लागलं.

घरी जुना लाल दिवा आहे, डिपार्टमेंटनं टाकून दिलेला. तो आज पेपर वाचायला लावला. उजेड चांगला पडतो. गाल त्या बाजूला होता, त्याला माझा इलाज नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे बोलावणं. तोंड उघडताच त्यांच्या कपाळाला आठ्या. हिरडी लाल, टाक्याजवळ पू धरायची लक्षणं. सरळ विचारलं, काका, शेक दिलात? म्हटलं, त्या कुशीवर झोपलो असेन. गालावरच्या डागाला बोट लावून म्हणाल्या, आणि हे? म्हटलं, दाढी करताना. त्यांनी चिठ्ठी ओढली. औषध बदललं.

मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हाडाला उष्णता सोसत नाही काका. स्क्रूभोवतीचं हाड भाजलं की मरतं, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. मग स्क्रू काढावा लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्ही फक्त काही करू नका. थंड खा, गोळ्या घ्या आणि वाट पाहा. हाडाला वेळ लागतो.

मी विचारलं, सूज रविवारपर्यंत उतरेल? म्हणाल्या, काही न केलंत तर बरीच उतरेल. आणि काही केलं तर? त्यांनी हात टेकले.

काही न करता वाट पाहायची म्हणे. तसं करूनच तर ऑगस्टचा फेब्रुवारी झालाय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं जरा विचारपूर्वक लिहितो.

सूज होती तेवढीच. आरशात पाहिलं तर रविवारी दार उघडणारा माणूस हा नव्हे. विचार केला, वरवरच्या शेकानं फायदा नाही, मूळ दुखणं आत आहे आणि आत जाते ती फक्त थोरली. धातूचं म्हणाल तर टायटॅनियम हा निराळ्या घराण्यातला धातू. विमानात वापरतात. नियम केले तेव्हा लोखंडी रॉड असायचे.

जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले. पेशंटच्या खुर्चीत बसलो. दोन पॅड गालांच्या दोन बाजूंना, मध्ये टॉवेल. सगळं नियमानं. सर्वांत कमीवर बटण.

तीस वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. तिथून डिपार्टमेंट वेगळंच दिसतं. छत दिसतं, पडद्याची कडी दिसते. मशीन घोंघावतं आणि हळूहळू आतून ऊब येते. कुणीतरी गाल ओंजळीत धरावेत तसं वाटलं. घरात कुणी नाही हे मला माहीत आहे, रोज कुलूप मीच काढतो, पण इतके महिने कुणी नाही हे तिथे बसल्यावर एकदम जाणवलं. डोळ्यांतून पाणी आलं. मशीनमुळे असावं.

मग दातातून एक कळ गेली ती थेट डोक्यात. बटणाकडे हात नेईपर्यंत मशीन बंद झालेलं. मॅडम डबा विसरल्या म्हणून खाली आल्या होत्या. त्यांनी पॅड काढले, टॉवेल काढला, आणि मी रोज ज्या आवाजात विचारतो त्याच आवाजात विचारलं, अंगात कुठे धातू आहे का? स्क्रू, रॉड, प्लेट?

म्हटलं, आहे.

मग?

म्हटलं, मला कुणी विचारलं नाही.

नियमानं हा प्रश्न मशीनवाल्यानं पेशंटला विचारायचा असतो. आज दोन्ही मीच होतो आणि विचारायचं राहून गेलं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, काका, घरी काय चाललंय तुमचं? म्हटलं, रविवारी सौ. येतेय. म्हणाल्या, बरं झालं. आणि मला रिक्षात बसवायला स्वतः वर आल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताप. तोंड उघडत नाही. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच घेतलं. पू काढला, आत गॉज भरला. तात्पुरता दात काढून घेतला. मी हातानं खूप खुणा केल्या, सोमवारी काढा, एक दिवस राहू दे. त्या म्हणाल्या, काका, खाली घाण साचलीय, दात कसा ठेवू? तोंडातून आवाज येत नव्हता, नाहीतर पटवलंच असतं. उद्या संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, गॉज हलता कामा नये.

स्क्रूचं काय, असं लिहून विचारलं. म्हणाल्या, बघू. डॉक्टर बघू म्हणाले की काय समजायचं ते हॉस्पिटलात काम करणाऱ्याला कळतं. सुधारणा होणार.

घरी येऊन लेकीला मेसेज केला की आईला पुढच्या रविवारी यायला सांग. उत्तर आलं, आईनं सुट्टी काढलीय बाबा, तिला उद्याच जमेल. सुट्टी कसली? ताईकडे राहणाऱ्या माणसाला सुट्टी कशाला लागते? विचारायचं राहिलं.

दुपारभर घर आवरलं. चादर बदलली. तिच्या बाजूचं कपाट रिकामं करून ठेवलं, म्हणजे मी तिथे माझं जे काही कोंबलं होतं ते काढलं. दिवसभरात मन एकदाही खचू दिलं नाही. दोनदाच.

१५ फेब्रुवारी, रविवार

आली.

एकच पर्स. मोठ्या बॅगा टॅक्सीत असतील असं वाटलं, तर टॅक्सी निघून गेली.

हसायचं ठरलं होतं, ओठ हललेच नाहीत. ती दारातच म्हणाली, अगंबाई, हे काय करून घेतलंत? आणि लगेच, शेक दिलात ना? मी मान खाली घातली. पर्स खांद्यालाच ठेवून सरळ फ्रीजकडे गेली आणि मटारचं पाकीट काढलं. मी दोन्ही हातांनी नको नको केलं. म्हणाली, अहो, मटारच आहेत. रुमालात गुंडाळून माझ्या गालावर धरले. हातात हात घ्यावा असं फार वाटलं, पण माझ्या हातात तिनं रुमालाचं टोक दिलं आणि म्हणाली, धरा आता तुम्ही.

माझं तयार केलेलं सगळं भाषण गॉजच्या मागे अडकलेलं. त्यामुळे ती बोलली आणि मी ऐकलं. दुसरा उपायच नव्हता.

तिनं दोन खोल्या घेतल्या आहेत. ताईच्या घरात नाही, वेगळ्या. खाली शाळेचे गणवेश शिवणारं दुकान आहे, तिथे ती कापड बेतते आणि कापते. लग्नाआधी ती हेच करायची, हे मी विसरलोच होतो. दुकानातले मास्तर म्हणाले म्हणे, बाई, अजून हात सरळ चालतो तुमचा. हे सांगताना हसली. तोंडावर तकाकी आली आहे, केस कापलेत. म्हणाली, मी परत येणार नाहीये. फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून आले. माझा तुमच्यावर राग नाही. राग नाही हे तिनं पुन्हा सांगितलं. ती रागावली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

मी मान हलवत होतो. काय म्हणून ते मलाही सांगता येत नाही.

मग म्हणाली, आई गेली त्या दिवशी मी तुमच्याशेजारी येऊन बसले होते, आठवतं? मी जोरात मान हलवली, पाठ दाखवली. ती म्हणाली, हो, शेक दिलात. मला सांगायचं होतं की आई गेली तेव्हा मला बरं वाटलं. इतकी वर्षं तिचे हाल बघितले, एकदाची सुटली, मीही सुटले, असं मनात आलं. आणि असं मनात आलं म्हणून मी घाबरले होते. मी वाईट मुलगी आहे का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, झोप पालथी.

तिनं डोळे पुसले. म्हणाली, आज पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं तुमच्यासमोर. हे मी शुभ लक्षण मानतो.

मला एकच विचारायचं होतं. ओठ बोटानं वर करून मी तिला ती जागा दाखवली. रिकामी. मग तिच्याकडे बोट केलं, मग दाराकडे. तिला कळेना. तीन-चार वेळा केलं. शेवटी म्हणाली, दातामुळे? दातामुळे मी गेले असं वाटलं तुम्हाला? आणि मग, कुठला दात?

थट्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. जून, जुलै रोज दोन वेळा समोरासमोर चहा घेतला आम्ही.

जाताना कपाटातली कापडाची मोठी कात्री घेतली आणि हिवाळ्याचा एक स्वेटर. ओटा ओला होता तो सवयीनं पुसायला लागली, मध्येच थांबली, फडकं वाळत टाकलं. दारात म्हणाली, निघते. सौ. कधी निघते म्हणत नाही, येते म्हणते. घाईत असावी.

फार वाईट वाटतंय. गालाचं दुखणं गालापाशी तरी थांबतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला असता चित्र तितकं वाईट नाही. एक, ती स्वतः आली. दोन, गालाला हात लावला. तीन, राग नाही. दोन खोल्यांचं म्हणाल तर हौस आहे, कापडकाम काही दिवसांनी डोळ्यांना झेपत नाही. मटार परत गोठवले. एकच ढेकूळ झालं आहे, पण आहेत.

मॅडमनी मला मशीनवरून काढून अपॉइंटमेंटच्या टेबलावर बसवलंय. तात्पुरतं. इथे ऊब नाही, दाराची झुळूक थेट मानेवर येते.

नवा निश्चय. इथून पुढे ऐकायचं. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुरुवात आजच, गुडघ्यांसाठी येणाऱ्या आजींपासून. आजी सुनेबद्दल सांगत होत्या. मी दोनदा मध्ये बोललो, एकदा बसायला खुर्ची देऊ का म्हणून आणि एकदा गुडघ्याखाली उशी घ्या म्हणून. त्यानंतर मात्र ओठ घट्ट मिटले. आजींनी अर्धा तास सांगितलं. मला वाटत होतं तसं काहीच नव्हतं त्यात. गुडघ्याबद्दल तर एक शब्द नव्हता. शेवटी म्हणाल्या, बरं वाटलं हो. शेक न देताच.

सराव चालू ठेवायचा.

२ मार्च, सोमवार

स्क्रू निघाला. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरून नुसता फिरवला आणि आला हातात. दुखलंही नाही, दुखायला आत काही उरलं नव्हतं म्हणाल्या. ट्रेमध्ये टाकला तेव्हा बारीक आवाज झाला. एवढासा असतो.

रागावल्या नाहीत. मी आपणहून सगळं सांगितलं, पिशवी, दिवा, थोरली. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. हाड भरून यायला काही महिने जातील, मग बघता येईल परत. पण इतकी घाई कसली होती काका? म्हटलं, रविवारची. त्यांना काही कळलं नाही, मीही खुलासा केला नाही.

लेकीचा फोन. काढला का? काढला. मग चाचरत विचारलं, बाबा, तुला खरंच वाटलं होतं का रे, आई परत येणार म्हणून? म्हटलं, छे. तुझा बाप काय खुळा आहे? ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, गरम पाणी पी. मग लक्षात आलं आणि गप्प बसलो. बराच वेळ रडली ती. मी फोन कानाला धरून होतो.

८ मार्च, रविवार

आज फोन करायचं ठरवलं. सौ.ला. जवळजवळ तीन आठवडे ऐकण्याचा सराव झालाय. गुडघ्यांच्या आजींचं तर अख्खं घराणं मला पाठ झालंय. काल एक गृहस्थ खांदा दाखवायला आले आणि जायच्या वेळी स्वतःहून म्हणाले, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. मी एक अक्षर बोललो नव्हतो.

सगळी तयारी केली. टीव्ही बंद. खुर्ची खिडकीजवळ. मध्ये काही बोलून जाऊ नये म्हणून जीभ दातांमध्ये धरली. एका ठिकाणी ती बाहेर येते, तिकडे दुर्लक्ष.

तिनं लगेच उचलला. मागे मशीन चालत होतं, रविवारीही काम असावं. म्हणाली, बोला. म्हटलं, मी बोलायला नाही केला, तू बोल. मी ऐकतोय. काय ते सगळं सांग, पहिल्यापासून, मी मध्ये बोलणार नाही.

मशीन थांबलं. मग म्हणाली, नाही हो. काही नाहीये आता सांगायचं. झालं सांगून.

आवाज चांगला होता तिचा. गोड होता. मी तरी कान लावून बसलो, म्हटलं असेल काही, येईल. काही आलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, दात कसा आहे?

म्हटलं, छान बसलाय.

अच्छा, म्हणाली. मग तिनं फोन ठेवला.